गुरुवारी वीज आल्यावर

पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, त्यात नवीन काही नाही. या सात मजली सोसायटीची तक्रार वेगळी होती. संध्याकाळी वीज आली की वायफाय रांगायला लागतं आणि शनिवारपर्यंत आपोआप सुधारतं. सेक्रेटरींना कंपनीचा कावा वाटत होता. कंपनीचा माणूस 'लाइन क्लिअर आहे' म्हणून निघून गेलेला. लाइन क्लिअर होतीच. हवेत बघायचं मात्र यांना कुणी शिकवत नाही.

मी गुरुवारी वीज येण्याच्या सुमाराला लॅपटॉप घेऊन जिन्यात उभा राहिलो. मिनिटाभरात जवळपास सगळे राउटर चॅनल 6 वर, म्हणजे वायफायच्या लहरींच्या एकाच पट्टीवर. 1 आणि 11 ओस पडलेले. 2.4 गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांना धक्का न लावणारे चॅनल हे एवढे तीनच. कुणीतरी हुशारी करून 3 वर बसला होता, कारण तो ॲपमध्ये 'रिकामा' दिसतो. असा माणूस 1 आणि 6 दोघांनाही छळतो. त्याची फ्रेम, म्हणजे हवेतून पाठवलेला डेटाचा तुकडा, त्यांना वाचता येत नाही, नुसता गोंगाट ऐकू येतो. आणि दुसरा बोलत असेल तर राउटर थांबतो खरा, पण ओळखीच्या फ्रेमसाठी तो उणे 82 डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक) इतक्या क्षीण सिग्नललाच थांबतो, तर नुसत्या गोंगाटासाठी तो उणे 62 इतका जोरदार होईपर्यंत थांबतच नाही. मग धडकाधडकी.

घरोघरी एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे राउटर. वीज आली की सगळे एकदम उठतात, एकाच वेळी हवा तपासतात, कुणीच दिसत नाही, आणि एकच फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) सगळ्यांना एकाच जागी बसवतं. पुन्हा तपासणी थेट पुढच्या रीस्टार्टला. शुक्रवारपासून वैतागलेली मंडळी एकेक करून राउटर बंद-चालू करतात, ज्याला त्याला त्या वेळी मोकळा चॅनल मिळतो, गर्दी विरते. शनिवारच्या चमत्कारामागे कंपनी नव्हती, रहिवासीच होते.

गेम थिअरीचे अभ्यासक रॉबर्ट रोझेंथाल यांनी 1973 मध्ये दाखवलेलं गणित हेच. खर्च फक्त 'माझ्या जागी किती जण' यावर ठरत असेल, तर प्रत्येकानं आपापला स्वार्थ बघून एकेक करून जागा बदलली तरी खेळ कुठेतरी स्थिरावतोच, जिथून कुणालाच हलावंसं वाटत नाही. अट एकच, एका वेळी एकानं हलायचं. सगळे एकदम हलले की हमी संपली.

माझी चिडचिड वेगळीच आहे. याच वायफायमध्ये प्रत्येक पॅकेट पाठवण्याआधी 0 ते 15 मधला एक आकडा यादृच्छिक निवडून, नऊ-नऊ मायक्रोसेकंदांचे तेवढे तुकडे थांबायची सोय आहे, कारण सगळे एकदम बोलले तर काय होतं हे मानक लिहिणाऱ्यांना पक्कं ठाऊक होतं. चॅनल निवडण्याआधी तसंच थोडं थांबावं, हे फर्मवेअर लिहिणाऱ्याला का सुचू नये?

फर्मवेअर माझ्या हातात नव्हतं, म्हणून मजलावार राउटर चालू करण्याचं वेळापत्रक सुचवलं. सातव्या मजल्याची लगेच तक्रार, "आमचा नंबर शेवटी का?" म्हटलं, शेवटी येणाऱ्याला बाकीचे कुठे बसलेत ते दिसतं, उलट फायदाच आहे.

त्यावर पहिल्या मजल्यानं हरकत घेतली.