टाकीखालचे निखारे

लडाखमधल्या द्रासमध्ये रस्त्याचे काम करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या वर्कशॉपचा मी फोरमन आहे. हिवाळ्यात इथे पारा उणे 20 च्या खाली उतरतो आणि गाडी दुरुस्त करण्यापेक्षा ती सकाळी सुरू करणे हेच मोठे काम होऊन बसते. डिझेल इंजिनात ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेवर इंधन पेटते. पण सुमारे 3,300 मीटर उंचीवरची विरळ हवा, गारठलेली बॅटरी आणि काकवीसारखे घट्ट झालेले ऑइल ती उष्णता तयार होऊ देत नाहीत. इंजिन रात्रभर चालू ठेवा, असे मालक फोनवरून सांगतात. गाडी उभी ठेवून नुसत्या आयडलिंगवर इंजिन पुरेसे तापत नाही, उलट अर्धवट जळलेले डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या टाकीत, उतरते, हे त्यांना कोण सांगणार? म्हणून आम्ही संध्याकाळी ऑइल गरम असतानाच डब्यात काढतो, बॅटऱ्या खोलीत नेतो, ब्रेकच्या एअर टँकमधले पाणी सोडतो, बॉनेटवर रजई बांधतो आणि पहाटे ते ऑइल बुखारीवर, म्हणजे खोली तापवायच्या शेगडीवर, तापवून परत ओततो.

गेल्या डिसेंबरात एका ट्रकवर हे सारे करूनही तो मिनिटभर चालून बंद पडला. इंजिनाचा दोष नव्हता. ड्रायव्हरने श्रीनगरला साध्या डिझेलने टाकी काठोकाठ भरली होती आणि रात्रीत त्यातले मेण गोठले होते. उणे 33 अंशांपर्यंत वाहते राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी 2019 पासून निघाले आहे, पण ते टाकीत असेल तरच उपयोगी. गरम पाण्यात भिजवलेली पोती गुंडाळून आम्ही फिल्टर मोकळा केला, तरी खरी गुठळी टाकीतच होती.

शेवटी तो वयस्क ड्रायव्हर माझी मनाई धुडकावून पत्र्यावर निखारे घेऊन आला आणि त्याने ते टाकीखाली सरकवले. मी अग्निशामक नळकांडे हातात धरून उभा राहिलो. थोड्या वेळाने ट्रक सुरू झाला आणि या खेपेस बंद पडला नाही. टाकीजवळून जाणारी ब्रेकची नायलॉनची नळी मात्र एका बाजूने मऊ पडली होती. ती बदलल्याशिवाय मी गाडी सोडली नाही, त्यामुळे श्रीनगरच्या वाटेवरच्या झोजिला खिंडीची त्याची एकेरी वाहतुकीची वेळ हुकली. "साहेब, निखारे नकोत, तर दुसरे काय देता?" असे त्याने विचारले. विजेच्या ब्लॉक हीटरची माझी मागणी तेव्हाही कार्यालयात पडून होती. शिवाय हीटरने इंजिन तापले असते, टाकी नव्हे.

तेव्हापासून श्रीनगरला चढणीपुरतेच डिझेल भरा, उरलेली टाकी इकडे हिवाळी डिझेलने भरा, असे मी प्रत्येकाला सांगतो. ज्यांची मजुरी खेपांवर ठरते, ते वाटेत पुन्हा थांबायला तयार होत नाहीत, आणि खेपेमागचा दर माझ्या हातात नाही.