रेडीमेड

भायखळ्याच्या आमच्या चर्चच्या तरुण संघाकडे एक दोनशे पानी वही होती. तिच्यात ख्रिस्ती बँडची इंग्रजी गाणी देवनागरीत उतरवलेली होती, त्यातली निम्मी चुकीची. साल 1996. आमच्यापर्यंत यायची ती कॅसेटवरून भरलेल्या कॅसेटवरून भरलेली कॅसेट. शब्द छापलेला कागद कुठल्या कुठे राहिलेला. मग टेप थांबवायचा, लिहायचं, मागे न्यायचा, पुन्हा कान लावायचा. 'रिडीमर', म्हणजे उद्धारकर्ता, हा शब्द आम्ही सरळ 'रेडीमेड' असा लिहिला होता. दादरला दर चौथ्या दुकानावर ती पाटी असायची, त्यामुळे संशय कुणालाच आला नाही.

लाडके बँड दोन. पहिला पेत्रा, अमेरिकेत 1972 साली सुरू झालेला. पाळकसाहेबांना 'रॉक' या शब्दाचंच वावडं. तोडगा मावशीने काढला. "साहेब, पेत्रा म्हणजे ग्रीक भाषेत खडक. ह्याच खडकावर मी आपली मंडळी रचीन, असं प्रभूनेच म्हटलंय की. मग पोरांच्या खडकाला का नाही म्हणता?" साहेब हसले आणि कार्यक्रमांना जायची परवानगी दिली. अट एकच, मावशीने बरोबर जायचं.

दुसरा स्ट्रायपर. खांद्याखाली रुळणारे केस आणि अंगभर काळे-पिवळे पट्टे. पोस्टर बघून मावशीने विचारलं, "ही पोरं टॅक्सी चालवतात का रे?" पण त्यांच्या नावाखाली बायबलमधल्या वचनाचा आकडा, यशया 53:5, असं लिहिलेलं असे. त्या वचनाच्या इंग्रजीत जे 'स्ट्राइप्स' आहेत ते रंगाचे नव्हेत, मारलेल्या फटक्यांचे. पट्टा आणि फटका यांचं नातं वडिलांच्या कमरेकडे बघत वाढलेल्या आमच्या पिढीला वेगळं शिकवावं लागलं नाही.

या दोघांना आम्ही प्रत्यक्ष कधीच पाहिलं नाही. पाहायला जायचो ते त्यांची गाणी वाजवणाऱ्या बंगळूरच्या पोरांना. ती पुण्यापर्यंत यायची, पुढे आम्ही.

एक्सप्रेसवे पूर्ण व्हायला 2002 उजाडायचं होतं. म्हणजे जुना रस्ता. भाड्याची ट्रॅक्स, दहा जणांच्या जागेत चौदा, गिटार आडवी सगळ्यांच्या मांडीवर, पुढे मावशी आणि तिच्या पर्समध्ये 'उपासना संगीत', म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांचं पुस्तक. पनवेलपर्यंत वही हातोहात फिरायची. "अरे, होली कोस्ट कसं असेल? किनारा कशाला पवित्र होईल?" "का? माउंट मेरी किनाऱ्यालाच आहे ना?" असे वाद. मूळ शब्द 'होली घोस्ट', म्हणजे पवित्र आत्मा. खोपोलीला वडापाव, कारण पुढे घाटात गाडी तापणार हे ठरलेलं.

बोरघाटात ड्रायव्हरने शिंगरोबापाशी वेग कमी केला आणि खिडकीतून नाणं टाकलं. ज्या धनगराने इंग्रजांना ही घाटाची वाट दाखवली असं सांगतात, त्याचं हे देऊळ. आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मावशीने मात्र डोळे मिटले, सगळ्यांना ऐकू जाईल असं "आमेन" म्हणाली आणि पर्समधली सुपारी ड्रायव्हरला दिली. पुढचा घाट तिने पेटीशिवाय, टाळीवर, नारायण वामन टिळकांची भजनं म्हटली. ती सगळ्यांना तोंडपाठ होती. एकही शब्द चुकला नाही, हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

कार्यक्रम एका शाळेच्या मैदानावर होता. त्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आवाज फाटत होता, ड्रम तेवढे जोरात, आणि आमच्यासमोर एक उंच माणूस शेवटपर्यंत उभा. पण ते गाणं आलं तेव्हा गाणाऱ्याने माईक मैदानाकडे फिरवला आणि शेकडो माणसं एका आवाजात 'रिडीमर' म्हणाली. आम्ही चौदा जण जागच्या जागी गार. मावशीने मागे वळून विचारलं, "काय रे, गाणं बदललं की काय?"

परतीच्या वाटेवर वहीत दुरुस्ती करायचं ठरलं. पेन कुणाकडेच नव्हतं.

गेल्या महिन्यात भाच्याला घेऊन पुण्याला निघालो. एक्सप्रेसवे, गार गाडी, वाटेत शिंगरोबा नाही. भाच्याने फोनवर तेच गाणं लावलं. पडद्यावर शब्द ओळीने सरकत होते, अगदी बिनचूक. मी स्टिअरिंगवर ताल धरून जोरात साथ दिली.

"मामा," भाचा पडद्याकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "रेडीमेड?"