फोन जरा म्हशीला दे

आई मोतीबिंदूच्या तपासणीला म्हणून गावाहून साताऱ्याला आमच्याकडं आली, आता चार दिवस राहा म्हटलं तर दुसऱ्या दिवसापासनंच म्हशीनं खाल्लं असेल का, धारेला कोण बसलं असेल, हेच चालू. शेवटी पोरीनं तिला टीव्हीपुढं बसवलं. झूटोपिया या डिस्नेच्या कार्टून सिनेमाचा दुसरा भाग २०२५ च्या नोव्हेंबरात आला ना, तेव्हापासून आमच्याकडं २०१६ चा पहिला भाग सारखा लागतो, डायलॉग पाठ झालेत सगळ्यांचे. म्हटलं हिंदीत आहे, आजीलाही कळेल.

मला वाटलं आई म्हणेल, जनावरं कुठं बोलतात होय. पण कपडे घालून दोन पायांवर चालणारी, मोबाईलवर बोलणारी जनावरं बघून तिला काडीचं नवल वाटलं नाही. पोलीस ठाण्याचा तो तापट साहेब आला तशी पोरगी म्हणाली, "आजी, बघ म्हैस!" तर आई लगेच, "म्हैस न्हवं गं, रेडा हाय." आणि मग सुपारी कातरता कातरता, "माउलींनी रेड्याच्या तोंडनं वेद वदवलं, ह्यो तर नुसता खेकसतोय."

विषयच संपला. बरोबर आहे म्हणा, भोपळ्यात बसून वाघाला गंडवणारी म्हातारी ऐकत जी मोठी झाली तिला डिस्नेनं काय नवीन सांगायचं.

तिचा आक्षेप निराळाच होता. सिनेमातला तो निक, पोलिसातल्या सशिणीला फसवणारा, त्याला आम्ही इतके दिवस कोल्हा म्हणत होतो. आई म्हणाली, "कोल्हा कुठला, खोकड हाय ती." आणि खरंच की हो, आपला कोल्हा म्हणजे जॅकल, फॉक्स म्हणजे खोकड, आणि आमच्या खटाव-माणच्या माळावर जी खोकडं दिसतात ती पण फॉक्सच, जरा लहान चणीची. मी दोन डिग्र्या घेतल्या पण हे आत्ता कळलं.

मग तो स्लॉथचा, म्हणजे त्या अगदी संथ हलणाऱ्या जनावराचा सीन. गाडीचा नंबर शोधायला सशीण आणि खोकड सरकारी ऑफिसात जातात, तिथं काउंटरवर सगळे स्लॉथ, एकेक अक्षर मिनिटभर टाईप करणारे, त्यात खोकड मुद्दाम जोक सांगतं म्हणजे आणखी उशीर, बाहेर येतात तोवर रात्र. आम्ही लोळून हसलो. आई हसली नाही. ती एका दाखल्यासाठी तीन चकरा मारून आलेली, कुठं ते सांगत नाही. म्हणाली, "ह्यो निदान जागंवर तरी बसलाय."

एवढ्यात दादाचा फोन. म्हैस पान्हा चोरतीय, वहिनीला हात लावू देईना. पान्हा ऑक्सिटोसिन नावाच्या हार्मोननं सुटतो आणि परका हात लागला, जनावर बिचकलं की अडतो, हे मी वाचलेलं, सांगायलाही लागले, पण आई ऐकतीय कुठं. "फोन जरा म्हशीला दे," म्हणाली.

दादानं स्पीकर लावला असणार. "काय गं बाय, काय झालं? वैनीवर कशाला राग?" मग थांबली. "व्हय व्हय. येतीय की मी परवा." परत थांबली. समोरच्याला बोलायला जागा सोडतो ना आपण, तशी. मान पण हलवत होती. इकडं टीव्हीवर पॉज केलेला खोकड तोंड उघडं टाकून बघतोय. सिनेमातली जनावरं नुसती बडबडतात हो, अशी मधली जागा त्यांच्यात मला तरी कुठं दिसली नाही.

दादा म्हणाला, कान टवकारलेन, पण दूध आपलं तेवढंच. मग कसलं परवा, दुसऱ्या दिवशी सकाळच्या वडूज गाडीनं आई गेली पण. सिनेमा अर्धाच राहिला.

आठवड्यानं तिचाच फोन, पोरीला विचारते, "त्या खोकडाचं म्होरं काय झालं गं?"

"पोलिसात लागला आजी. सशिणीच्याच ठाण्यात."

"आन् गावातल्या कोंबड्या?"

"तिथं कोंबड्याच नाहीत आजी, नुसते सस्तन प्राणी."

"हां," आई म्हणाली, "कोंबड्याच न्हाईत व्हय. मग काय, खोकड बी माळकरी."