भातुकलीचे फोटो आणि घरातला उजेड

आजीच्या पितळी भातुकलीचा अख्खा संच फोटोंत उतरवायचं ठरवलं, तेव्हा कॅमेऱ्यापेक्षा उजेडानेच जास्त दमवलं. गिरगावातल्या आमच्या खोलीला खिडकी एकच, तीही समोरच्या इमारतीकडे तोंड करून. त्यात पावसाळा. ढग सरकला की घंगाळ सोनेरी आणि बंब निळसर. एकाच संचातली भांडी वेगवेगळ्या घरांतली वाटायला लागली.

स्टुडिओचे दिवे परवडणारे नव्हते. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारात जाऊन एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे दोन एलईडी बल्ब आणि वायर लावलेले होल्डर घेतले. खोक्यावर वॅटपेक्षा दोन गोष्टी बघाव्यात: केल्विन, म्हणजे उजेडाचा रंग (आकडा कमी तर पिवळसर, जास्त तर निळसर), आणि सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा शंभरपैकी आकडा. साध्या बल्बचा सीआरआय ८०च्या आसपास असतो. ९०च्या वरचा मिळाला तर थोडे जास्त पैसे जरूर मोजावेत. पितळेचा पिवळा आणि तांब्याचा लालसर रंग त्यात नीट वेगळे दिसतात. मी ४००० केल्विनचे घेतले. घरातली ट्यूब ६५००ची, म्हणून फोटो काढताना ती बंद आणि खिडकीवर जाड चादर. दोन रंगांचे उजेड मिसळले की नंतर कितीही दुरुस्ती करा, सावल्या निळ्याच राहतात.

खरं कसब चकचकीत पितळेचं. त्यात उघडा बल्ब पांढऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. मध्ये बटर पेपरचा मोठा ताव ताणून बांधला आणि तो भांड्याच्या जितका जवळ आणला, तितकी चमक पसरट, मऊ झाली. दुसऱ्या बाजूला उजेड भांड्यावर परत फेकायला थर्माकोल. आणि भांड्याच्या कडेला, चौकटीबाहेर, काळ्या कार्डपेपरची पट्टी! तिच्या प्रतिबिंबाने काठ असा उठून येतो की बघत राहावं.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे बरेच स्वस्त बल्ब सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण वेगवान शटरला, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड घ्यायचा वेळ फार कमी ठेवला तर, फोटोत पट्टे येतात. ट्रायपॉड लावून शटर १/५० किंवा १/२५ सेकंदावर ठेवलं की प्रश्न मिटतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरा पांढराच दिसावा म्हणून कॅमेरा करतो ती रंगांची जुळणी, ऑटोवर सोडू नये.

बल्ब आणि भांड्याच्या जागा मी टेबलावर चिकटपट्टीने आखून ठेवल्यात, कारण उघड्या बल्बपासूनचं अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. मोबाइलवर काढणाऱ्यांनी प्रो मोडमध्ये आयएसओ (कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते), शटर आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही स्वतः ठरवून संच संपेपर्यंत तेच ठेवावेत.