डब्यात पंधरा दिवसांचं खाणं असतानाच

गुरुवार, रात्र

घरातली कमाई थांबली की कुत्र्या-मांजराच्या खाण्याला लगेच कात्री लागते, आणि मदत मात्र सगळ्यात शेवटी मागितली जाते. माणसांचंच भागत नाही, त्यात जनावरासाठी कुठल्या तोंडाने मागायचं? ही लाज मला कळते, पण ती महागात पडते. खाणं एकाएकी बदललं की जुलाब लागतात आणि औषधाचा खर्च वर येतो. नवं खाणं आधी पाव, मग अर्धं, मग पाऊण असं आठवडाभरात वाढवायचं, तर जुनं थोडं हाताशी हवं. म्हणून डबा रिकामा व्हायच्या आत बोलावं.

पैसे मागण्यापेक्षा वस्तू आणि माप सांगावं. नसबंदी झालेल्या, पूर्ण वाढ झालेल्या १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण ८५० कॅलरी लागतात. म्हणजे तयार कोरडं खाणं सुमारे २५० ग्रॅम, महिन्याला साडेसात किलो. 'दोन महिन्यांपुरतं एवढं हवंय' असं म्हटलं की समोरच्यालाही आपल्याला काय झेपेल ते कळतं. विचारायचं जवळच्या पशुवैद्याला आणि वस्तीतल्या भटक्या कुत्र्यांना रोज खायला घालणाऱ्यांना. कुणाचं जनावर वारलं, कुणाकडे अर्धं पोतं पडून आहे, हे त्यांना ठाऊक असतं. पेट शॉपमध्ये मुदत जवळ आलेला माल स्वस्तात सुटतो. पोतं घेताना हात घालून वास घ्यावा. पावसाळ्यात उघडं राहिलेलं खाणं खवट होतं, बुरशी धरतं. ते फुकट मिळालं तरी घालू नये.

घरी शिजवायचं तर चिकनच्या दुकानात माना आणि पाठी मागाव्यात, त्या खूप स्वस्त पडतात. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला ३०० ग्रॅम माना-पाठी, कोरडी मोजून १०० ग्रॅम तांदळाची कणी, मूठभर लाल भोपळा, चमचाभर तेल. सगळं मऊ शिजवून मांस सोडवायचं आणि हाडं टाकून द्यायची. शिजलेलं हाड चिरफळतं आणि आतडं फाडू शकतं. पण हाडं गेली की कॅल्शियमही गेलं, आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. अंड्याची टरफलं उकळून, वाळवून, मिक्सरमध्ये पिठासारखी बारीक करावीत. रोज अर्धा चहाचा चमचा घातला की सुमारे १ ग्रॅम कॅल्शियम मिळतं. आठवड्यातून दोनदा थोडी कलेजी. एवढ्यावर महिना-दोन महिने निभतं, त्याहून लांबवू नये. जस्त, आयोडीन, ई जीवनसत्त्व कमी पडतं. शेजाऱ्यांकडचं उरलेलं घ्यावं, पण कांदा-लसूण घातलेली भाजी किंवा बिर्याणी नको. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

मांजराचं गणित निराळं आहे. दूध-भात, दूध-पोळी घालून मांजर जगवता येत नाही. तिला टॉरिन हा पोषक घटक मांस-मासळीतूनच मिळवावा लागतो. ते कमी पडलं की डोळे बिघडतात हे १९७५ साली आणि हृदय बिघडतं हे १९८७ साली सिद्ध झालंय. चिकनची हृदयं मिळाली तर उत्तम. टॉरिन पाण्यात उतरतं, म्हणून उकडलेलं पाणी फेकू नये, त्यातच कालवून द्यावं. स्वस्त मासळी घ्यावी, पण शिजवून; काही कच्च्या माशांमुळे शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व नष्ट होतं.

आणि अगदीच भागेना झालं तर काही महिन्यांपुरतं सांभाळायला कुणी मिळतं का ते विचारावं, परत नेण्याची तारीख लिहून ठेवावी. रस्त्यावर सोडणं हा उपाय नव्हे. पाळलेल्या जनावराला उपाशी ठेवणं किंवा उपासमार होईल असं सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पण माझ्या लेखी त्याआधीचं कारण मोठं आहे: घरात वाढलेल्या जनावराला रस्त्यावर अन्न मिळवता येत नाही. मांजराने नवं खाणं नाकारलं तर 'भूक लागली की खाईल' म्हणत बसू नये. दोन-तीन दिवसांच्या उपासाने, लठ्ठ असेल तर विशेषच, यकृतात चरबी साचते. एक दिवस पूर्ण उपाशी गेला की सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा.