आमची वाटचाल : आधी रेसिड्युअल, मग आर-स्क्वेअर

आमची फर्म मागणीचे अंदाज बांधून देते. बरी चाललेली वर्षं सांगत बसत नाही. फर्म बुडता बुडता वाचली, ते मात्र नीट सांगायला हवं.

काम दरमहाच्या विक्रीचं होतं. नोंदी २४ आणि मॉडेलमध्ये चलं, म्हणजे ज्यांवरून विक्री ताडायची ते घटक, १४. आर-स्क्वेअर, म्हणजे विक्रीतल्या चढउताराचा मॉडेलने पकडलेला वाटा, ०.९० आला आणि आम्ही तो अहवालाच्या पहिल्याच पानावर ठळक छापला. पुढच्या महिन्यांचे अंदाज साफ चुकले, ग्राहकाने करार मोडला, त्याच्यामागून आणखी दोन गेले. चूक आमची होती, आणि ती हिशोबात आधीच दिसत होती. २४ नोंदींवर १४ चलं अगदी लॉटरीच्या आकड्यांची घातली, तरी आर-स्क्वेअर सरासरी १४ भागिले २३, म्हणजे ०.६१ येतो. ॲडजस्टेड, म्हणजे चलांच्या संख्येचा दंड लावलेला आर-स्क्वेअर, काढला असता तर १ − (०.१० × २३ ÷ ९), म्हणजे ०.७४. खरा चटका त्याच्या पुढे आहे. एकेक नोंद बाजूला ठेवून तिचा अंदाज बघायचा, तर मॉडेल २४ वेळा चालवावं लागत नाही. प्रत्येक रेसिड्युअलला, म्हणजे खरा आकडा वजा मॉडेलचा आकडा या फरकाला, (१ − लिव्हरेज) ने भागलं की झालं. लिव्हरेज म्हणजे नोंद स्वतःच्याच अंदाजाला किती ओढते ते. चलं १४ आणि समीकरणातला एक स्थिर आकडा, म्हणजे इंटरसेप्ट, धरून इथे सरासरी लिव्हरेज १५ ÷ २४, म्हणजे ०.६२५. सगळ्या नोंदींचं तेवढंच धरलं तरी चूक २.६७ पट होते, वर्गात सुमारे ७ पट, म्हणजे ०.१० ची ०.७१, आणि ०.९० चे उरतात जेमतेम ०.२९.

त्याच दिवसांत एका स्पर्धकाने ०.९९ दाखवून आमचं मोठं काम नेलं. त्यांनी इंटरसेप्ट काढून टाकला होता. इंटरसेप्ट नसला की बहुतेक सॉफ्टवेअर एकूण वर्गबेरीज (आर-स्क्वेअर हिच्याशीच चूक ताडून निघतो) सरासरीपासून न मोजता शून्यापासून मोजतं. विक्रीची सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १० असेल, तर ज्याला सरासरीपलीकडे काही कळत नाही अशा मॉडेललाही या हिशोबात १ − १०० ÷ १०१००, म्हणजे ०.९९ मिळतो. आम्ही हे कागदावर मांडून दाखवलं. ग्राहकाने ऐकून घेतलं, पण काम तिकडेच गेलं. ते अजून सलतं.

फर्म सावरली ती आमच्या पहिल्या भागीदारांच्या एका सवयीमुळे. आडव्या अक्षावर मॉडेलचा अंदाज, उभ्या अक्षावर रेसिड्युअल, आणि तो आलेख पाहिल्याशिवाय ते आकड्यांना हात लावत नसत. ठिपक्यांची कमान झाली, तर संबंध सरळ रेषेचा नाही. एका बाजूला नरसाळं उघडलं, तर अंदाजाबरोबर चूकही वाढते आहे. मग विक्रीचा लॉग (लॉगरिदम) घेऊन बघा. पण लॉगवरचा आर-स्क्वेअर मूळ आर-स्क्वेअरशेजारी मांडू नका, अंदाज मूळ एककात आणून मगच चुका ताडा. संख्याशास्त्रज्ञ अँस्कोम्ब यांनी १९७३ मध्ये ११-११ ठिपक्यांचे चार संच दिले. चौघांची रेषा जवळपास एकच, ३ + ०.५ क्ष, आणि आर-स्क्वेअर ०.६७, आलेख मात्र चार तऱ्हांचे. आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी हेच काढायला देतात.

महिन्यांच्या नोंदी असतील तर रेसिड्युअल काळाच्या क्रमानेही लावा. सलग वर, मग सलग खाली अशी लाट दिसली की डर्बिन-वॉटसन, म्हणजे लागोपाठच्या रेसिड्युअलांचा एकमेकांशी संबंध तपासणारा आकडा, बघा. तो २ च्या आसपास हवा. तो आर-स्क्वेअरहूनही कमी असेल, तर नुसत्या सोबत वाढणाऱ्या दोन मालिका जुळल्याची दाट शंका घ्या. अर्थशास्त्रज्ञ ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी १९७४ मध्येच हे दाखवून दिलं आहे.

पडत्या काळात एकच ग्राहक टिकले. ते दर वेळी म्हणायचे, "आर-स्क्वेअर राहू द्या, नग किती चुकतील ते सांगा." आता आमच्या पहिल्या पानावर तेच उत्तर असतं: शेवटचे ६ महिने मॉडेलला न दाखवता काढलेली चूक, नगांत. तिच्या शेजारी 'गेल्या महिन्याइतकीच विक्री' या साध्या अंदाजाची चूक. दुसरा आकडा लहान निघाला, तर मॉडेल आम्ही देत नाही.