आक्काचा एएफपी, एक युनिट आणि कलेक्शन सेंटरचा काउंटर

‘रेडिएशन कसं झालं?’ असं सगळे विचारतात, आणि त्याचं उत्तर थोडक्यात होतं. हिपॅटायटिस बीमुळे आक्काच्या लिव्हरला आधीच सिऱ्हॉसिस होता, म्हणजे लिव्हर निबर झालं होतं, त्यात कॅन्सरची एक गाठ निघाली, ऑपरेशन झेपणार नाही असं सर्जननी सांगितलं, म्हणून पुण्यात एसबीआरटी घेतली, म्हणजे गाठीवरच नेम धरून थोड्या सेशनमध्ये दिलेलं जोरदार रेडिएशन. पाच सेशन, एक दिवसाआड. मशीनखाली निजायचं, सांगतील तसा श्वास धरायचा, बाहेर यायचं. थकवा आला, थोडं मळमळलं, एवढंच. आम्ही अडकलो ते नंतर, रक्ताच्या रिपोर्टांपाशी, कराडच्या एका कलेक्शन सेंटरच्या काउंटरवर. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणूनच हे सविस्तर लिहितोय.

रेडिएशननंतर गाठ कापून बाहेर काढलेली नसते, ती जागेवरच असते. मेलेली गाठसुद्धा एमआरआयमध्ये कित्येक महिने इंजेक्शनचं औषध शोषताना दिसू शकते. आक्काच्या पहिल्या एमआरआयचा रिपोर्ट वाचून भाचा रडायलाच लागला, कारण त्यात गाठ ‘अजून एन्हान्स होते आहे’ असं लिहिलं होतं. आक्काच्या पुण्याच्या डॉक्टर मॅडमनी समजावलं की रेडिएशननंतर सुरुवातीचे महिने हे चालतं, आता रक्तातला आकडा कुठल्या दिशेने जातोय ते बघू. तेव्हा सगळा भार त्या आकड्यावर आला.

तो आकडा म्हणजे एएफपी, अल्फा-फिटोप्रोटीन. पोटातल्या बाळाचं लिव्हर हे बनवतं, जन्मानंतर ते जवळजवळ थांबतं, आणि लिव्हरच्या कॅन्सरच्या पेशी ते पुन्हा बनवू लागतात. सगळ्यांच्या गाठी बनवत नाहीत, म्हणून जोडीला पिव्हका-२ नावाची दुसरी तपासणी करतात. आक्काचे दोन्ही वाढलेले होते. रेडिएशनच्या आधी एएफपी ४८६ नॅनोग्रॅम होता. हा आधीचा आकडा पहिल्या सेशनपूर्वीच घेऊन ठेवा. तो नसेल तर नंतरचे सगळे रिपोर्ट अधांतरी राहतात. महिन्याभराने हॉस्पिटलच्याच लॅबमध्ये २१२ आला. रेडिएशनने पेशी हळूहळू मरतात, त्यामुळे आकडाही हळूहळू उतरतो, ही उतरण चांगली आहे, असं मॅडम म्हणाल्या.

पुढची तपासणी कराडलाच करायचं ठरलं, कारण आक्काला पुण्याचा प्रवास सोसत नव्हता. आता जे सांगतोय ते नीट वाचा. रक्त देण्याआधी मी हॉस्पिटलचा रिपोर्ट काउंटरवर ठेवला आणि विचारलं, “तुमच्याकडे याच युनिटमध्ये, याच पद्धतीने होतं का?” त्यांनी रिपोर्ट हातात घेतला, पाहिला आणि म्हणाले, “हो, तेच आहे.” पैसे आधी भरून घेतले.

रिपोर्ट आला २०५. घरात सगळ्यांना बरं वाटलं, २१२ चा २०५ झाला, उतरतोय. मी आकड्याच्या शेजारचा रकाना बघितला. तिथे नॅनोग्रॅम नव्हतं, आययू (इंटरनॅशनल युनिट) हे वेगळंच माप होतं. एएफपीचं एक आययू म्हणजे साधारण १.२१ नॅनोग्रॅम. गुणाकार केला तर २४८. म्हणजे उतार नाही, चढ! खाली पद्धतीचं नावही हॉस्पिटलच्या रिपोर्टपेक्षा वेगळं होतं. त्यात पिव्हका-२ समोर ‘प्रोसेसमध्ये’ एवढंच लिहिलेलं, आणि मॅडमची अपॉइंटमेंट तोंडावर आलेली.

मी काउंटरवर गेलो. “रिपोर्ट सिस्टिममधून येतो, आम्ही काही बदलू शकत नाही.” बदला असं मी म्हणतच नव्हतो. हा आकडा जुन्या आकड्याला लावून बघता येतो की नाही, एवढंच मला हवं होतं. “सर, व्हॅल्यू कमी आली आहे ना, मग काय प्रॉब्लेम आहे?” असं एका मुलाने विचारलं. ज्या माणसाला युनिट म्हणजे काय हे कुणी शिकवलेलं नाही, त्याला कॅन्सरच्या रिपोर्टच्या काउंटरवर बसवतात. त्या मुलाला मी दोष देत नाही, बसवणाऱ्यांना देतो. हेल्पलाइनला फोन केला, तक्रार नोंदली, आणि ‘रिपोर्ट बरोबर आहे’ असा मेसेज पाठवून त्यांनी ती बंद केली. पुन्हा नोंदली, पुन्हा बंद. पिव्हका-२ बद्दल विचारलं की “आज संध्याकाळपर्यंत” हे ठरलेलं उत्तर. ती तपासणी रोज लावतच नाहीत, नमुने साठले की ठरावीक वारी लावतात, हे मला कितीतरी नंतर कळलं. तेवढं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर आम्ही त्या वाराच्या हिशेबाने रक्त दिलं असतं.

या सगळ्यात आक्का घरी रोज विचारायची, “आला का रे रिपोर्ट?” तिला २४८ सांगायचा की २०५, हे मला ठरवता येत नव्हतं. मी सांगत होतो, “पूर्ण आला नाही अजून.”

शेवटी मी काउंटर सोडला आणि रिपोर्टवर सही असलेल्या पॅथॉलॉजिस्टना फोनवर मागितलं. त्यासाठी भांडावं लागलं. पण त्या फोनवर आल्या आणि लगेच म्हणाल्या, “आमचं मशीन वेगळं, पद्धत वेगळी, युनिट वेगळं. हा आकडा जुन्याला जोडूच नका. एक तर इथून नवीन सुरुवात करा, नाहीतर जुन्याच लॅबला जा.” इतकं साधं उत्तर होतं! सहीखालच्या माणसाशी बोलायचा आग्रह सोडू नका.

भाड्याची गाडी करून आक्काला पुण्याला नेलं. त्याच लॅबमध्ये, त्याच मशीनवर एएफपी १३१ आला. मॅडमनी तीन रिपोर्ट टेबलावर ओळीने मांडले, कराडचा बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, “गाठ प्रतिसाद देते आहे.” मी बाहेर येऊन भाच्याला फोन केला तेव्हा नीट बोलताही येत नव्हतं.

आठवतंय तसं आणखी सांगतो. त्याच सुमाराला आक्काला लघवीचं इन्फेक्शन झालं, अँटिबायोटिक बरेच दिवस चाललं, जेवण सुटलं, आणि पिव्हका-२ एकदम चढला. व्हिटॅमिन के कमी पडलं की गाठ नसतानाही तो वाढतो. मॅडमनी व्हिटॅमिन केचं इंजेक्शन देऊन पुन्हा तपासलं, तेव्हा खाली आला. हृदयासाठी वॉरफेरिन ही रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ते डॉक्टरांना आधीच सांगा, कारण मग पिव्हका-२ वर विसंबता येत नाही.

महागड्या तपासण्यांच्या नादात बिलिरुबिन, अल्ब्युमिन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) या लिव्हरच्या साध्या तपासण्या विसरू नका. दर वेळी मॅडम आधी तेच बघायच्या. गाठ मरताना उरलेलं लिव्हर सांभाळलं जातंय का, हे त्यातून कळतं. रेडिएशनने लिव्हरला इजा झाली तर ती बहुधा पहिल्या तीन-चार महिन्यांत दिसते. पोट फुगलं, रक्तातलं अल्कलाइन फॉस्फटेज हे एन्झाइम वाढलं तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

हिपॅटायटिस बीची गोळी रेडिएशन संपलं म्हणून थांबवायची नसते. आम्हा भावंडांची आणि मुलांची तपासणीही याच निमित्ताने झाली, ज्यांना नव्हता त्यांनी लस घेतली.

केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देण्याआधी डॉक्टरांना विचारून बंद करा. काही मशीनवर त्यामुळे एएफपी खोटा कमी दिसतो. आक्काची सून तिला मोठ्या प्रेमाने त्या गोळ्या देत होती. मॅडमनी विचारलं म्हणून कळलं, काउंटरवर कुणीच विचारलं नव्हतं.